जन्ममासाचे फूल : एका प्रथेचा इतिहास

मंडळाच्या संक्रांत संमेलनात घडलेला एक लहानसा प्रसंग आमच्या मनात घर करून राहिला आहे. सभागृहात तिळगुळाची ताटे फिरत होती आणि आम्ही एका बाजूस खुर्ची टाकून बसलो होतो. एवढ्यात आठनऊ वर्षांची एक मुलगी वाढदिवसाचे भेटकार्ड घेऊन आमच्यापाशी आली. कार्डावर बारा महिन्यांची बारा फुले छापलेली होती आणि प्रत्येकाखाली त्याचा 'अर्थ' दिलेला होता.

"आजोबा, जानेवारीचं फूल स्नोड्रॉप आहे. म्हणजे ते माझं. ते आपल्या हावड्याच्या पुलाखालच्या बाजारात मिळेल का गं आई, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, आजोबांना विचार."

मिळणार नाही, असे आम्ही सांगितले. तिचा चेहरा किंचित उतरला. मग तिने आमचा महिना विचारला. आमचा जन्म ऑक्टोबरातला, दसऱ्याच्या सुमाराचा. कार्डावर त्या घरात 'मेरीगोल्ड' होते. "म्हणजे झेंडू," आम्ही म्हणालो. "तुम्हाला बरं मिळालं!" असे म्हणून ती निघून गेली.

त्या एका वाक्याने आम्हांस विचारात पाडले. कोलकात्यात जन्मलेल्या, मराठी आईवडिलांच्या या मुलीला तिने कधी न पाहिलेले, या मातीत रुजू न शकणारे फूल कोणी नेमून दिले? ही यादी केली कोणी, आणि केव्हा? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा मागोवा घ्यावा, असे ठरवून आम्ही हा लेख लिहावयास बसलो.

प्रथम यादी पाहू. जानेवारीस कार्नेशन व स्नोड्रॉप, फेब्रुवारीस व्हायोलेट व प्रिमरोज, मार्चला डॅफोडिल, एप्रिलला डेझी व स्वीट पी, मेला लिली ऑफ द व्हॅली, जूनला गुलाब, जुलैला लार्कस्पर, ऑगस्टला ग्लॅडिओलस व पॉपी, सप्टेंबरला अॅस्टर, ऑक्टोबरला मेरीगोल्ड, नोव्हेंबरला शेवंती आणि डिसेंबरला नार्सिसस किंवा काटेरी पानांचे हॉली. काही याद्यांत या नावांत थोडाफार फरक आढळतो. पण एवढे ध्यानात येते की ही इंग्लंड व उत्तर अमेरिका यांच्या थंड हवेतील बागांची दैनंदिनी आहे. स्नोड्रॉप तिथे वितळत्या बर्फातून डोके वर काढते. त्याच्या शास्त्रीय नावाचा, 'गॅलँथस'चा, ग्रीक अर्थ 'दुधाचे फूल' असा आहे. डेझी म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'दिवसाचा डोळा', कारण ते सकाळी उमलते आणि सायंकाळी मिटते. ग्लॅडिओलसच्या पानांची रचना तलवारीसारखी. लॅटिनमध्ये 'ग्लॅडियस' म्हणजे तलवार.

भेटकार्डांवर पुष्कळदा असे छापलेले असते की ही प्रथा रोमन काळापासून चालत आली. रोमन लोकांस फुलांचे वेड होते, यात संशय नाही. एप्रिलच्या अखेरीस 'फ्लोरा' या पुष्पदेवतेचा उत्सव तेथे साजरा होई. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या प्लिनीने आपल्या प्रचंड निसर्गग्रंथाचा एकविसावा भाग फुले आणि माळा यांना वाहिला आहे, आणि वसंतात कोणते फूल आधी व कोणते मागून येते याचा क्रमही त्यात दिला आहे. परंतु एखाद्या महिन्यात जन्मलेल्या माणसाचे ते फूल होय, ही कल्पना मात्र निराळी आहे. ऋतूचे फूल असणे ही निसर्गाची गोष्ट. माणसाचे फूल असणे ही माणसाने मागाहून केलेली जोड. या जोडीचा उगम रोमपेक्षा पुष्कळ अलीकडचा आहे, आणि तो उलगडण्यासाठी प्रथम फुलांस अर्थ कसे चिकटले हे पाहावे लागते.

त्यासाठी इस्तंबूल येथे जावे लागेल. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही ब्रिटिश वकिलाची पत्नी १७१७-१८ मध्ये उस्मानी राजधानीत राहत होती. देवीचा रोग टाळण्यासाठी टोचण्याची तेथील पद्धत तिने पाहिली आणि १७१८ साली आपल्या मुलासही टोचून घेतले, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात तिचे नाव आहे. तिने स्वदेशी धाडलेल्या पत्रांपैकी एकात तुर्की स्त्रियांच्या एका 'वस्तुपत्रा'चे वर्णन आहे. एका लहानशा थैलीत मोती, लवंग, फूल, कागद, कोळसा अशा वस्तू घालून पाठवावयाच्या, आणि प्रत्येक वस्तूवरून पाहणाऱ्याने एक चरण आठवावयाचा. यातील गंमत अशी की वस्तूचा अर्थ वस्तूत नसून यमकात असे. मोत्यास तुर्कीत 'इंजी' म्हणतात. त्याच्याशी 'तरुण' या अर्थाचा 'गेंजी' हा शब्द जुळतो, आणि मोती पाहताच 'सुंदरांतील तूच तरुण' अशा आशयाचा चरण ओठांवर येतो. आपल्या घरांतून उखाणे ऐकलेल्या वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. उखाण्यातील चांदीचे ताट हे पुष्कळदा नावाशी यमक जुळावे म्हणूनच तेथे आलेले असते!

लेडी मेरीची पत्रे तिच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापली गेली आणि युरोपात हातोहात वाचली गेली. परंतु इंग्रजी वा फ्रेंचमध्ये तुर्की यमके उरली नाहीत. मोती, कोळसा मागे पडले; फुले तेवढी राहिली, आणि 'पूर्वेकडे फुलांची गुप्त भाषा आहे' हा गोड समज रूढ झाला. प्रवासात यमक हरवले आणि त्याची रिकामी जागा भरून काढण्यासाठी नवे अर्थ रचावे लागले.

याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दुसरा एक प्रयोग झाला. राज्यक्रांतीने राजा घालवला, तसे जुने पंचांगही घालवावयाचे ठरले. १७९३ साली स्वीकारलेल्या या नव्या कालगणनेत महिन्यांस ऋतूंवरून नावे दिली होती : 'फ्लोरेआल' हा फुलांचा, 'निव्होज' हा हिमाचा. ही नावे सुचविणारा फाब्र देग्लांतीन हा कवी व नाटककार होता, आणि त्याने स्वतःच्या आडनावास जोडलेला 'एग्लांतीन' हा शब्द एका रानगुलाबाचे नाव आहे. त्याने जुन्या पंचांगातील संतांच्या जागी वर्षातील प्रत्येक दिवसास एकेक वनस्पती, प्राणी, अवजार वा खनिज नेमून दिले. फ्लोरेआलचा पहिला दिवस गुलाबाचा. म्हणजे त्या दिवशी जन्मलेले मूल गुलाबाच्या दिवशी जन्मले, असे म्हणता येऊ लागले. जन्मदिवस आणि फूल यांची सरकारी खर्चाने पडलेली ही गाठ होय.

परंतु या पंचांगात एक मूलभूत दोष होता. ते पॅरिसच्या हवेवरून बेतलेले होते. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूपसारख्या फ्रेंच बेटावर, जेथे किनाऱ्यावर नारळ डोलतात, तेथेही कागदोपत्री हिमाचा महिना उजाडू लागला. देग्लांतीन स्वतः १७९४ च्या एप्रिलात गिलोटिनखाली गेला, आणि १८०६ च्या १ जानेवारीपासून नेपोलियनने ते पंचांगच रद्द केले. एका गावच्या ऋतूंवरून साऱ्या जगाचे महिने ठरविता येत नाहीत, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढच्यांनी तो घेतला नाही, इतकेच.

१८१९ साली पॅरिसमध्येच 'ल लांगाज दे फ्लर' म्हणजे 'फुलांची भाषा' हे पुस्तक निघाले. शार्लोट द लातूर हे लेखिकेचे टोपणनाव. पुस्तकाचा क्रम ऋतूंचा होता आणि प्रत्येक फुलास एक भावार्थ दिलेला होता. त्याची भाषांतरे झाली, अनुकरणे निघाली आणि पाहता पाहता इंग्लंडात अशा पुस्तकांचे पीक आले. हा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १८५१ च्या खानेसुमारीत इंग्लंड व वेल्स येथे खेड्यांपेक्षा नगरांत राहणारांची संख्या प्रथमच अधिक भरली. कुंपणावरची, बांधावरची फुले ज्यांना रोज दिसत असत, त्यांची मुले आता विटांच्या चाळींत वाढत होती. बांधावरचे फूल दुरावले तेव्हा पुस्तकातले फूल जवळचे झाले, असे आम्हांस वाटते. आपण दूरदेशी राहणाऱ्या मंडळींनी तरी या दुराव्यास हसू नये.

या पुस्तकांपैकी आजही छापले जाणारे पुस्तक म्हणजे चित्रकर्ती केट ग्रीनअवे हिचे १८८४ सालचे 'लँग्वेज ऑफ फ्लॉवर्स'. त्यात आम्ही अर्थातच आमचे फूल शोधले. साध्या मेरीगोल्डचा अर्थ दिला आहे 'दुःख'. 'फ्रेंच' मेरीगोल्डचा अर्थ 'मत्सर'. आणि 'आफ्रिकन' मेरीगोल्ड, म्हणजेच आपला दसऱ्याचा टपोरा झेंडू, त्याचा अर्थ 'ग्राम्य मने'! ज्या फुलावाचून आपल्याकडे शस्त्रपूजन होत नाही, मोटारीच्या चाकापासून शिवणयंत्रापर्यंत सर्वांस ज्याची माळ पडते, त्याची ही संभावना. राग धरण्याचे मात्र कारण नाही. त्याच पुस्तकात स्नोड्रॉपचा अर्थ 'आशा' असा आहे आणि हिवाळ्याने गांजलेल्या लोकांच्या दृष्टीने तो अगदी सार्थ आहे. अर्थ फुलात नसतो; फूल उमलते तेव्हा पाहणाऱ्याची अवस्था काय असते, त्यात तो असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी, विशेषतः अमेरिकेत, चित्रकार्डे आणि दिनदर्शिका यांच्याद्वारे महिन्यांच्या फुलांच्या याद्या घरोघर पोचल्या. त्यांच्या शेजारी जन्मरत्नांच्याही याद्या होत्या. रत्नांची यादी १९१२ साली अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एकत्र बसून कायम केली. फुलांस असा कोणी धनी मिळाला नाही, म्हणून त्यांच्या याद्या आजही एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत. पुष्पविक्रेत्यांचा व्यापार मात्र वाढतच होता. १९१० साली तेथील विक्रेत्यांनी तारेने फुले पोचविण्याची व्यवस्था उभारली. एका शहरी पैसे भरावे, तार जावी आणि दूरच्या शहरी आईच्या दारात तेथलाच माळी ताजा गुच्छ ठेवून जावा. पोटासाठी पांगलेल्या कुटुंबांची ती गरज होती, हे आपणांस सहज पटेल.

या व्यापाराची दुसरीही बाजू आहे. ॲना जार्व्हिस या बाईंनी १९०८ च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातील ग्राफ्टन गावी आईच्या स्मरणार्थ पांढरी कार्नेशन फुले वाटवली; त्यातून मातृदिनाची प्रथा निघाली आणि १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तिला अधिकृत मान्यता दिली. पुढे त्या दिवसाचा बाजार झालेला पाहून याच बाईंनी फूलवाले आणि कार्डवाले यांच्याविरुद्ध आयुष्यभर झगडा केला. तेच कार्नेशन यादीत जानेवारीचे म्हणून बसले आहे. कडाक्याच्या जानेवारीत ते उघड्या बागेत फुलत नाही. ते येते काचघरातून.

महिना आणि फूल यांचा संबंध पौर्वात्यांनी याहून पुष्कळ आधी जोडला होता. पण तो वाढदिवसाशी नव्हे, तर काव्य आणि सण यांच्याशी. चीनमध्ये चांद्रवर्षाच्या नवव्या महिन्याच्या नवमीस शेवंतीचे महत्त्व. जपानमध्ये फुजिवारा नो तेइका या कवीने १२१४ साली बारा महिन्यांची फुले आणि पक्षी यांवर कविता रचल्या. पुढे तिथल्या 'हानाफुदा' या पत्त्यांच्या खेळात बारा महिन्यांचे बारा वृक्ष-पुष्प आले. त्यात मार्चचे फूल चेरी आणि सप्टेंबरचे शेवंती. आपल्याकडे कालिदासाने 'मेघदूता'त अलकानगरीच्या स्त्रियांचा साज वर्णिला आहे : हाती कमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, कानी शिरीष, भांगात कदंब. सहा ऋतूंची फुले एकाच वेळी! ती यक्षनगरी म्हणूनच तेथे हे घडते. पृथ्वीवर प्रत्येक फुलास आपली वेळ पाहावी लागते, हे कवीस पुरेपूर ठाऊक आहे. आणि हे वर्णन ज्याच्या तोंडी आहे तो यक्ष घरापासून वर्षभर दूर राहण्याची शिक्षा भोगत आहे, हेही विसरता येत नाही.

जन्माशी वनस्पती जोडण्याची आपली जी जुनी पद्धत आहे ती महिन्याची नसून नक्षत्राची आहे, आणि ती फुलाची नसून वृक्षाची आहे. रोहिणीची जांभूळ, कृत्तिकेचा उंबर, पुष्याचा पिंपळ, मघाचा वड. कार्डावरचे फूल दुसऱ्या दिवशी कोमेजते; नक्षत्राचा वृक्ष लावला तर तो नातवंडांस सावली देतो. बारा मासांचे निसर्गरूप आधुनिक मराठीत पाहावयाचे असेल तर त्यासाठी दुर्गा भागवत यांचे १९५६ साली प्रसिद्ध झालेले 'ऋतुचक्र' आहे. घरापासून लांब वाढणाऱ्या मुलांच्या हाती ते अवश्य द्यावे.

आता आमच्या झेंडूकडे वळू, कारण शोध घेता घेता आमचाच दावा डळमळीत झाला. ऑक्टोबरच्या यादीतील मूळ मेरीगोल्ड हा झेंडू नव्हेच! ते युरोपातील 'कॅलेंड्युला' होय. महिन्याच्या पहिल्या दिवसास लॅटिनमध्ये 'कॅलेंडी' म्हणत; ज्यावरून 'कॅलेंडर' शब्द आला, त्याच शब्दावरून महिनोन्महिने फुलणाऱ्या या फुलाचे नाव पडले. झेंडू त्याच कुळातला, पण निराळ्या जातीचा. तो मूळचा मेक्सिकोचा. 'आफ्रिकन' आणि 'फ्रेंच' ही त्याची इंग्रजी विशेषणे केवळ प्रवासातील गैरसमजाची आहेत. मेक्सिकोच्या नाव्हात्ल भाषेत त्याचे नाव 'वीस पाकळ्यांचे फूल' अशा अर्थाचे आहे, आणि आजही तिथे १ व २ नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणार्थ याच फुलांच्या पायघड्या घालतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांनी ते युरोपात नेले, आणि पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ते आपल्या किनाऱ्यावर उतरले. म्हणजे झेंडूच्या तोरणाचा दसरा आपण समजतो तितका पुरातन नाही. आमची आजी हे ऐकती तर तिने आम्हांस घराबाहेर काढले असते!

पण नकाशा उघडून पाहिला आणि एक गोष्ट लक्षात आली. मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही शहरे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहेत. दिवस लहान होऊ लागला की झेंडूस बहर येतो. तो तिकडे ज्या सुमारास येतो, त्याच सुमारास इकडे. घरापासून हजारो कोस दूर आलेल्या या फुलाने आपली वेळ चुकविली नाही, आणि ज्या घरात आले त्या घराच्या सणास उपयोगी पडले. निशिगंध, ज्यास आपण गुलछडी आणि इथे रजनीगंधा म्हणतात, तोही मेक्सिकोचाच. देवळाच्या आवारातला पांढरा खुरचाफाही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. शेवंती चीनची. गौरीगणपतीची परडी उपडी करून पाहिली तर तीत निम्मे परदेशस्थ निघावेत. त्यांना कोणी परके म्हणत नाही.

याउलट जी फुले मूळचीच या भूमीची, ती आपल्या आधी येथे आलेली आहेत. आश्विनात दारी प्राजक्ताचा सडा पडतो, तेव्हा कृष्ण, रुक्मिणी आणि सत्यभामा यांची गोष्ट आपल्या मुलांस सांगावी, तर शेजारच्या घरी तीच फुले शिउली म्हणून दुर्गापूजेची चाहूल देतात. फाल्गुनात रंग देणारा पळस इथे माघातील सरस्वतीपूजेत देवीस वाहतात. जास्वंद आपल्याकडे गणपतीची, इथे कालीमातेची. फूल एकच, महिना जवळपास तोच. बदलतो तो फक्त सण. आपट्याची पाने मिळाली नाहीत त्या वर्षी मंडळाने कांचनाच्या पानांचे सोने वाटले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. तीही त्याच कुळातली असल्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्ही त्या मुलीच्या आईस गाठले आणि विचारले, "ही जन्मली तेव्हा घरात कोणतं फूल होतं?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "इस्पितळातून घरी आले, तेव्हा सासूबाईंनी गच्चीवरच्या कुंडीतली पिवळी शेवंती तोडून पाळण्याला बांधली होती." बंगालमध्ये ज्यास चंद्रमल्लिका म्हणतात, ती कोलकात्याच्या गच्च्यांवर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतच भरास येते. आम्ही त्या मुलीस म्हणालो, "तुझं फूल शेवंती." तिने कार्ड काढून आम्हांस दाखविले. "पण आजोबा, शेवंती तर नोव्हेंबरची आहे!" लंडनच्या बागेत नोव्हेंबरची असेल, आम्ही सांगितले, तुझ्या आजीच्या गच्चीवर ती जानेवारीची. तिचे पूर्ण समाधान झाले की नाही, हे ठाऊक नाही. पण जाताना तिने कार्डावरच्या स्नोड्रॉपशेजारी पेन्सिलीने एक गोल, पुष्कळ पाकळ्यांचे फूल काढले, एवढे आम्ही पाहिले.

म्हणून मंडळाच्या सभासदांस एक सूचना करावीशी वाटते. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या कुटुंबांची जी नोंदवही तयार होत आहे, तीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्मतारखेसोबत आणखी एक रकाना असावा : त्या दिवशी दारात, गच्चीवर किंवा गल्लीच्या तोंडाशी काय फुलले होते? आईस, आजीस विचारून तो भरावा. पन्नास वर्षांनी कोणी ही वही उघडील, तेव्हा मराठी माणसे या नगरीत कोणत्या ऋतूंत आणि कोणत्या फुलांच्या संगतीने वाढली, हे त्यास कळेल. आमच्या रकान्यात आम्ही झेंडूच लिहिणार आहोत. तो मेक्सिकोचा असला तरी.